बंगईच्या फळीची गिटार

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी मी शिवणकामावर चार शब्द बोलावे, असे चिटणीसबाईंनी सुचविले होते. इतकी वर्षे कामठीत शिवणाचा वर्ग चालविला, तेव्हा ते साहजिकच आहे. परंतु कापड कसे बेतावे ह्यावर मी ह्याच जागेवरून दोनदा बोलले आहे, आणि दोन्ही वेळा मागच्या रांगेतल्या कपबशांचा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता. म्हणून यंदा त्याच शिवणयंत्रावर केलेल्या एका निराळ्या कामाविषयी सांगते. विजेवर वाजणारी गिटार आम्ही घरी तयार केली. आम्ही म्हणजे मी, माझी अकरावीतली नात, आणि माझ्या थोरल्या जाऊबाई. शेवटचे नाव ऐकून कोणी दचकले असेल, तर तेही मी समजू शकते.

नातीला गिटारीचा नाद लागला तो मैत्रिणीची गिटार वाजवून. दुकानात बरीशी विजेची गिटार घ्यायची म्हणजे पंधरा-वीस हजारांची गोष्ट. तिच्या वडिलांनी सांगितले, बारावी होऊ दे, मग पाहू. पोरगी रडली नाही, भांडली नाही. आठ दिवस मोबाइलवर काही वाचत राहिली आणि एका दुपारी माझ्यापाशी येऊन म्हणाली, "आजी, ती जिन्याखालची फळी मला देशील का?"

ती फळी म्हणजे आमच्या सासूबाईंची बंगई. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, अस्सल सागवानाची. सासूबाई दुपारच्या वेळी तिच्यावर बसून तांदूळ निवडायच्या. माझी मुले आणि जाऊबाईंची मुले तिच्यावरच निजून मोठी झाली. घराची वाटणी झाली तेव्हा भांडी वाटली, कपाटे वाटली, बंगईपाशी येऊन अडले. त्या म्हणाल्या मला हवी, मी म्हटले मला हवी. त्या दिवशी मी त्यांना जे बोलले ते येथे सांगत नाही. माझ्या शेजारणींनी ते भिंतीपलीकडून ऐकलेले आहे. शेवटी सळया निघाल्या, फळी दोन्ही घरांच्या मधल्या जिन्याखाली उभी राहिली, आणि चार वर्षे आमचे बोलणे बंद झाले.

नातीला मी म्हटले, "गिटार काय घरी होते? ती कारखान्यातली वस्तू." तेव्हा तिने मला ब्रायन मे ह्या इंग्रज वादकाची हकिगत सांगितली. त्याने १९६३ साली, शाळकरी वयात, वडिलांच्या मदतीने घरीच गिटार करायला घेतली. पैसे नव्हते म्हणून दांडीला एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड घेतले. स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या. हातदांडीच्या टोकाला आईच्या विणायच्या सुईचे टोक, आणि पडद्यांच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे! दोनेक वर्षे हे काम चालले. त्याच गिटारीवर त्याने जन्मभर वाजविले. २००२ साली राणीच्या राजवाड्याच्या गच्चीवर उभा राहून वाजविले. त्याच्या 'क्वीन' ह्या वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा मूळचा फारूख बलसारा, आणि त्याचे शिक्षण आपल्या पाचगणीला झाले, हेही मला तेव्हाच कळले. बटणांचे ऐकून मी थोडी विरघळले, हे कबूल करते. माझ्या डब्यातही तशी बटणे आहेत.

पण फळी माझ्या एकटीची नव्हती. दोन दिवस मी टाळले. मग एका सकाळी जाऊबाईंच्या दाराशी गेले. त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि म्हणाल्या, "काहून आली?" मी उभ्या-उभ्याच सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एवढेच म्हणाल्या, "पोरीसाठी ने. पण अर्धीच. आणि कापताना मला बोलाव."

आता थोडे वाद्याविषयी. साध्या गिटारीचे पोट पोकळ असते. तार हलते, घोडी हलते, वरची पातळ फळी हलते, आणि पोकळीमुळे आवाज मोठा होतो. आपल्या तंबोऱ्याचेही तेच. मिरजेचे कारागीर त्यासाठी पंढरपूरकडचे भोपळे आणतात. (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले.) विजेच्या गिटारीला पोकळीची गरज नाही. तिच्या पोलादी तारांखाली लोहचुंबकाच्या कांड्या आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात अगदी क्षीण वीज उत्पन्न होते. हा नियम फॅरडेने १८३१ साली दाखविला. ती वीज वाढवून कर्ण्याला दिली की आवाज निघतो. आपल्या मिरवणुकांतल्या बेंजोचे असेच असते. ते वाद्य मूळ जपानचे. पोरे त्याला वेटोळे बसवून घेतात आणि सारी गल्ली जागी करतात. तेव्हा ही विद्या आपल्या दारावरून दरवर्षी जात होती, आपण खिडकी लावून घेत होतो इतकेच.

भरीव लाकडाची गिटार मोठ्या प्रमाणावर बाजारात आणली ती १९५० साली अमेरिकेतल्या लिओ फेंडर ह्यांनी. हे गृहस्थ रेडिओ दुरुस्त करीत. त्यांना स्वतःला गिटार वाजविता येत नसे. हे ऐकून मला बराच धीर आला.

फळी आरामशीनवर नेली. जाऊबाई बरोबर होत्या, वाटेत बोलल्या नाहीत. मधोमध कापताना पिवळा भुसा उडाला, आणि जुन्या सागाचा तेलकट वास आला. त्यांनी पदर नाकाला लावला, मीही लावला. (सागाचा भुसा नाकाला-घशाला झोंबतो, फडके बांधूनच काम करावे.) मग मी कागदावर बेत काढला, जसा झग्याचा काढतात तसा, आणि ओळखीच्या सुताराकडून पावणेदोन इंच जाडीचे अंग कापून घेतले. दांडीही त्याच फळीच्या कडेतून निघाली, सरळ रेषांची. सहा तारांचा मिळून ओढ सुमारे पंचेचाळीस किलोचा असतो, म्हणून दांडीच्या पोटात पोलादी सळई बसवावी लागते, नाहीतर ती धनुष्यासारखी वाकते. दांडीवर शिसवीची पट्टी चिकटविली. सागाला तेल फार, सरस धरत नाही. चिकटविण्याआधी ॲसिटोनने पुसून घ्यावे लागते. हे आम्हांला पट्टी एकदा सुटल्यावर समजले.

वेटोळ्याचे काम मात्र माझे. केसाएवढी बारीक, मुलामा दिलेली तांब्याची तार, आणि तिचे सुमारे आठ हजार वेढे! नातीला वाटले हे कसे होणार. मी म्हटले, अगं, ह्या गावाला हजारांनी मोजायचे नवे आहे का? बिडीचा हिशेब हजारावरच होतो. विणकरांच्या घरी बायांचा जन्म कांड्या भरण्यात गेला. शिवणयंत्राच्या चाकाचा मळसूत्री स्क्रू सैल केला म्हणजे सुई थांबते आणि बॉबिन भरायची दांडी तेवढी फिरते. तिच्यावर लाकडी चकती बसवून वेटोळ्याचा साचा लावला. मोजणीसाठी नातीने जुन्या कॅल्क्युलेटरची युक्ती केली: चकतीला छोटे चुंबक, आणि दर फेरीला कॅल्क्युलेटरचे बटण आपोआप दाबले जाते, एकात एक मिळत जातो. मी चिमटीत मऊ फडके धरून तार सोडीत होते. ओढले तर तुटते, सैल सोडले तर गुंतते. पहिल्यांदा बाराशेवर तुटली. दुसऱ्यांदा पाच हजार चारशेवर तुटली, तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि कोणाशी बोलले नाही. तिसऱ्यांदा सात हजार आठशेवर थांबलो.

पुढे वाचनात आले की फेंडरच्या कारखान्यात हे काम ॲबिगेल इबारा नावाच्या बाईंनी १९५६ पासून केले आणि त्या २०१३ साली निवृत्त झाल्या. त्यांनी हाताने भरलेल्या वेटोळ्यांना वादक शोधत फिरतात. दुसऱ्या महायुद्धात कलामझू गावच्या गिब्सन कारखान्यातही पुरुष लढाईवर गेल्यावर बायांनीच गिटारी केल्या. नावे मात्र वाजविणाऱ्यांचीच राहतात. ते असो.

वेटोळे मेणात बुडवावे लागते, नाहीतर तारा आतल्या आत थरथरून शिट्टी वाजते. मेणबत्त्या डब्यात घालून तो डबा उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवावा. मेण कधीही सरळ आचेवर ठेवू नये, पेट घेते. हे मी पोरीला शिकविले, पोरीने मला नाही.

आता आमची चूक ऐका. गिटारीचे पडदे धातूचे आणि जागच्या जागी ठोकलेले असतात, सतारीसारखे सरकत नाहीत. तेव्हा माप चुकले की चुकले. आमच्या तारेची लांबी ६४८ मिलिमीटर. तिला १७.८१७ ने भागले की पहिल्या पडद्याचे अंतर येते, साधारण ३६.४. उरलेल्या लांबीला पुन्हा तेवढ्यानेच भागायचे, पुन्हा उरलेल्या लांबीला. घरे लहान-लहान होत जातात आणि बारावा पडदा बरोबर निम्म्यावर, ३२४ वर येतो. तेथे वरचा सा. पेटीच्या बारा पट्ट्यांचे जे गणित, तेच हे. गणित नातीने बिनचूक केले. आखायला मी बसले. मी प्रत्येक घर मागच्या रेघेपासून मोजले, जशा आपण चुण्या मोजतो. पेन्सिलीच्या रेघेची जाडी दर खेपेला मिळत गेली, आणि बारावा पडदा ३२७ वर गेला. तीन मिलिमीटर! शिवणात तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नव्हे, शिलाईत जातात.

पडदे ठोकले, तारा चढविल्या, पोरीने वाजविले. आम्हां दोघींना अमृत वाटले. जाऊबाई दारात उभ्या होत्या. तुम्हां सर्वांना ठाऊक आहे, आपल्या भजनाची पेटी त्यांच्याकडे असते. त्या म्हणाल्या, "वरचा सा चढतोय." मी म्हटले, तारा नव्या आहेत, उतरतील. "तारेचं नाही. खालचा बरोबर आहे, वरचा चढतोय. पट्टी चुकली आहे." मला राग आला. खरे सांगते, चार वर्षांपूर्वीचा सगळा राग त्या क्षणी वर आला. त्या मागे वळल्या, घरी गेल्या, आणि मी मनात म्हटले, झाले, आता पुन्हा चार वर्षे. पाच मिनिटांत त्या पेटी उचलून घेऊन आल्या, खाली बसल्या, भाता सोडला आणि सा धरून ठेवला. पोरीने बारावा पडदा दाबून तार छेडली. दोन स्वर एकमेकांना घासत होते. अगदी कपबशा मांडणाऱ्यांनाही कळले असते. मग फूटपट्टी आणली.

शिसवीची ती पट्टी फुकट गेली. लाकडगंजातून दुसरी आणली. ह्या वेळी सर्व बावीस मापे एकाच टोकापासून, पोलादी पट्टीने, टोकदार सुरीने आखली. पेन्सिल नाही. आणि प्रत्येक खुणेवर जाऊबाईंनी चष्मा लावून 'हं' म्हटल्याशिवाय करवत लावली नाही.

राहिला गुणगुणाट. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होतो, त्याचा घुमारा वेटोळे पकडते. आतला खड्डा धातूच्या पत्र्याने मढवून तो घोडीला आणि जमिनीच्या तारेला जोडावा. पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियमची पन्नी चालते, पण तिला डाख लागत नाही. तार स्क्रूने दाबून धरावी लागते. शिवाय आम्ही दुसरे वेटोळे भरले, चुंबक उलटे आणि विद्युतप्रवाहाची दिशाही उलट. ही युक्ती सेथ लव्हर ह्यांनी १९५५ साली काढली. दोन्ही जोडली की बाहेरचा घुमारा एकमेकांना खातो आणि तारेचा स्वर तेवढा दुप्पट होतो. माझ्या मुलाने हे ऐकून आम्हां दोघी जावांकडे एकदा पाहिले आणि हसू दाबले. तो आता बारावीचे काही बोलत नाही. खर्च सहा हजारांच्या आत आला, फुकट गेलेली पट्टी धरून. अभ्यास मात्र कमी झाला, हे मी लपवीत नाही. सहामाहीला रसायनात दहा गुण उतरले आणि त्याबद्दल मी बोलणी खाल्ली.

बंगईच्या पितळी कड्या गिटारीच्या पट्ट्याला लावल्या आहेत. पडद्यांच्या खुणांना माझ्या डब्यातली पाच बटणे आहेत आणि बाराव्या पडद्यावरची दोन जाऊबाईंच्या जुन्या पोलक्याची. उरलेली अर्धी फळी अजून जिन्याखालीच आहे. तिचे दोन पाट करावेत असे त्यांचे म्हणणे. मला एक चौरंग हवा आहे. ते अजून ठरलेले नाही.

नातीने मघापासून तारा लावून ठेवल्या आहेत, आणि जाऊबाई काळी चारची पट्टी धरून बसल्या आहेत. त्यांचा हात दुखायच्या आत मी थांबते.