सिलिंडर घरात, भाकरी चुलीवर

गॅस महागला म्हणून गावाकडं सिलिंडर काही कुणी परत करत नाही. ते कोपऱ्यात राहतं, चहापुरता, पाहुण्यांपुरता. भाकरी आणि आंघोळीचं पाणी मात्र पुन्हा चुलीवर. 2016 साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून जोडण्या मिळाल्या. अवघड जातं ते दुसरं सिलिंडर भरून आणणं. म्हणून 2022 मध्ये या ग्राहकांना सिलिंडरमागे 200 रुपये अनुदान सुरू झालं, पुढच्या वर्षी ते 300 झालं. आपला निम्म्याहून जास्त गॅस बाहेरून येतो, त्यामुळे आखातातला भाव आणि डॉलर दोन्ही थेट स्वयंपाकघरात शिरतात. सरपण फुकट म्हणावं, तर ते गोळा करण्यात बाईची सकाळ जाते आणि धूरही तिच्याच डोळ्यांत. हा खर्च कुठल्या वहीत मांडायचा?

इंडक्शन शेगडीचं म्हणाल, तर 2000 वॅटची शेगडी पूर्ण जोरावर अर्धा तास चालली की एक युनिट. तिची उष्णता गॅसइतकी वाया जात नाही. पण वीज बेभरवशाची असेल तिथं ती काय कामाची! तोवर गॅस वाचवायचा, तर डाळ तासभर भिजत घाला आणि कुकरची पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा. मोठ्या आचेवर शिट्ट्या मोजत बसलं, तर नुसती वाफ उडते. डाळ काही लवकर शिजत नाही.