चाकणमधले परदेशी अभियंते

२००९ साली चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने सुरू झाले, आणि परदेशी अभियंते या पट्ट्यात रोजच्या ओळखीचे झाले. त्यांना इथं नोकरी करायची तर रोजगार व्हिसा लागतो. तो निष्णात माणसालाच मिळतो. ज्या कामाला भारतीय माणूस मिळतो, त्यासाठी नाही. पगार वर्षाला किमान १६ लाख २५ हजार रुपये हवा. इंग्रजीखेरीज इतर परदेशी भाषांचे शिक्षक, दुभाषे आणि स्वतःच्या देशाचं जेवण बनवणारे आचारी यांना ही पगाराची अट नाही.

व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल, तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची. ती ऑनलाइन होते.

आणि घरमालकांनो, एक काम तुमचंही आहे. परदेशी भाडेकरू राहायला आला की २४ तासांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन कळवा. भाडेकरार नोंदवला म्हणजे झालं, असं समजू नका.

सोबत आलेल्या पतीला किंवा पत्नीला मात्र अवलंबितांच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. डॉक्टर, वास्तुरचनाकार असलेलं माणूसही घरीच बसतं. या नियमाचा फेरविचार व्हावा, असं मला मनापासून वाटतं.