गळका नळ आणि आमचा पाना

चुलीवर भाजी असेल तर असू द्या, ऐकता ऐकता परतत राहा. स्टुडिओत आज आम्ही गटातल्या तिघीजणी आलोय, पण बोलणं अकराही जणींचं आहे. विषय नळाचा. नळ येत नाही हे गाऱ्हाणं तर रोजचंच. आज बोलायचंय ते आलेला नळ गळतो त्याबद्दल.

आमचं गाव घाटाखालचं, पूर्णेच्या अंगाचं, खारपाण पट्ट्यातलं. घाटावरच्या मैत्रिणींसाठी थोडं सांगावं लागेल. आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि हंड्याला पांढरा थर धरतो. अमरावती, अकोला आणि आपला बुलढाणा, या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या काठाकाठानं हा पट्टा आहे. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांसाठी वान धरणावरून १४० गावांची पाणीयोजना झाली, ती या खाऱ्या पाण्यापायीच. त्यामुळं आमच्याकडं नळाचं पाणी म्हणजे पिण्याचं पाणी. ते गेलं तर दुसरं नाही.

२०१९ साली जलजीवन मिशन सुरू झालं. दर माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात, असा त्याचा हिशोब. नळ अंगणात आला, निळा पाइप आला, तोटी आली. पण त्याबरोबर पाना कुणी दिला नाही. नळ बिघडला की तालुक्याहून मिस्त्री बोलवायचा. तो फोनवर म्हणतो, "उद्या येतो." ते उद्या कधी उगवतं ते त्यालाच माहीत. आला तरी एका वायसरसाठी दोनशे रुपये, वर पेट्रोल. आमच्यातल्या एका वहिनींनी अशी अकरा दिवस वाट पाहिली. घरी सासरे म्हणत, "बायकांनी हात लावू नये, जास्त बिघडंल." आणि सासऱ्यांनीही लावला नाही.

त्या अकरा दिवसांत आम्ही एक काम केलं. नळ होता त्या सकाळी, थेंब पडत होता तिथं पाव लिटरचा पेला ठेवला. सेकंदाला साधारण एक थेंब पडत होता. पेला वीस मिनिटांच्या आत भरला. त्या चालीनं नळ दिवसभर राहिला तर वीस लिटर जातं, म्हणजे एक मोठी कळशी आणि वर तांब्या. आमच्याकडं नळ चोवीस तास राहत नाही, म्हणून तेवढं गेलं नाही. पण जिथं टाकीचा नळ गळतो तिथं जातंच की.

खरं सांगायचं तर पाण्याच्या तोट्यासाठी आम्ही पाना हातात घेतला नाही. घेतला तो जुलाबापायी.

आमच्याकडं पाण्याला जोर कमी. म्हणून पुष्कळ घरी काय करतात, तर खड्डा खणून नळ खाली घेतात. जितका खाली, तितकी धार बरी. तुमच्याही गावात असे खड्डे असतील. त्या खड्ड्यात सांडलेलं पाणी साचतं, भांड्याची राख जाते, कोंबडी उतरते. पावसाळ्यात गल्लीतल्या चार घरी लेकरांना जुलाब लागले. आरोग्यसेविका ताई आल्या. त्यांनी आधी औषध दिलं, ओआरएसच्या पुड्या दिल्या, आणि मग म्हणाल्या, "नळ दाखवा." खड्ड्यात वाकून पाहिलं तर नळाचं तोंड गढूळ पाण्यात बुडालेलं आणि तोटी उघडीच.

ताईंनी समजावलं ते असं. नळ सुरू असतो तेव्हा पाणी पाइपातून बाहेर ढकललं जातं. नळ गेला की पाइप रिकामा होऊ लागतो, आणि रिकामा होताना तो ओढतो. उसाचा रस नळीनं ओढतो ना, तसं. जिथं भोक सापडेल तिथून ओढतो. भोकाशी हवा असली तर हवा, गटाराचं पाणी असलं तर गटाराचं पाणी. पुढच्या वेळी नळ आला की पहिल्या धारेला तेच आपल्या हंड्यात, नाहीतर शेजारणीच्या. म्हणजे नळ उंचावर असेल आणि तोंडातून थेंब पडत असेल तर तो पाण्याचा तोटा. पण जमिनीतला सांधा ओला राहत असेल, किंवा तोंड डबक्यात असेल, तर ते दुखणं. चार घरचे जुलाब नेमके त्यानंच झाले असं आम्ही छातीठोक म्हणणार नाही. पण तो खड्डा पाहिल्यावर त्यातलं पाणी कुणाच्या घशाखाली उतरेना.

रबरी पाइप नळाला लावून दुसरं टोक ड्रममध्ये किंवा बैलाच्या हौदात बुडवून ठेवतो, तिथंही हेच होतं. पाइपाचं टोक पाण्याच्या वर राहू द्या. आणि टिल्लू मोटर! नळाला थेट मोटर लावली की ती अख्ख्या गल्लीच्या पाइपातून ओढते, सांध्यांतली घाणही ओढते. मोटरवाल्या घरांशी भांडण नको म्हणून आपण गप्प बसतो. आम्हीही बसत होतो.

मग शिकलो कुणाकडून? गावात जुने एक काका आहेत, जन्म पंपावर गेलेला. त्यांच्या ओट्यावर तीन दुपारी बसलो. पहिल्या दिवशी काका लाजले, दुसऱ्या दिवशी आम्ही. तिसऱ्या दिवशी कुणीच लाजलं नाही. गटाच्या पैशातून एक मोठा पाना, एक पक्कड, पेचकस, लोखंड कापायची करवत, पांढरी टेप आणि दहा-बारा वायसर आणले. सगळं एका तेलाच्या डब्यात ठेवलं. डबा कुणी नेला, कधी आणला, त्याची वही आहे, बचतीच्या वहीसारखीच.

आता नळ कसा उघडायचा ते ऐका. आधी कॉक बंद करा. कॉक नसेल तर नळ जाईपर्यंत थांबा आणि तोटी उघडून उरलेलं पाणी सोडून द्या. तोटीच्या डोक्याला चिंधी गुंडाळा, म्हणजे पाना घसरत नाही. एका हातानं नळाचं अंग घट्ट धरा आणि दुसऱ्यानं बरणीचं झाकण उघडतो तसं फिरवा. अंग धरलं नाही तर डोकं निघत नाही, अख्खा नळ भिंतीतून हलतो, आणि तिथून नवी गळती सुरू. आमच्या एकीनं हे केलेलं आहे, नाव सांगत नाही, ती समोरच बसलीय.

डोकं निघालं की खाली दांडीवाली चकती दिसते आणि चकतीच्या तळाला रबराचा वायसर. तो चेपलेला, खाच पडलेला असतो. तो काढून दुकानात न्या, मनानं माप सांगू नका. नवा पाच-दहा रुपयांत मिळतो. पाव फेऱ्यात उघडणारे, आत गोळी असलेले कॉक वेगळे. त्यांत असा वायसर नसतो, गळायला लागले की बहुतेक बदलावेच लागतात.

आमच्या खाऱ्या भागात एक जास्तीची अडचण आहे. जिथं पूर्वी विहिरीचं पाणी नळात सोडलेलं, तिथं आत क्षार बसून आटे जाम होतात. काका त्यावर हातोडी चालवत. आमच्यातल्या मोठ्या काकू म्हणाल्या, "अहो, पितळंच ना हे? पितळेला चिंच लावतात." पितळी तोटीचे सुटे भाग तासभर चिंचेच्या कोळात ठेवले, जुन्या ब्रशनं घासले, थर निघाला. काकांनी ते दोनदा फिरवून पाहिलं आणि काही बोलले नाहीत. लिंबूही चालतं. निकेलची चकाकी असलेल्या नळाला मात्र जास्त वेळ ठेवू नका, चकाकी जाते.

परत बसवताना पांढरी टेप. आधी लोक सुतळी आणि सफेदा लावत, आता टेप आलीय. आट्यांचं तोंड आपल्याकडं करा आणि बरणीचं झाकण लावताना हात फिरतो त्या बाजूनं आठ-दहा वेढे ताणून द्या. उलट गुंडाळली तर नळ आवळताना टेप सुटून गोळा होते.

प्लास्टिकच्या पाइपाला सोल्यूशन लावायचं असतं. तिथं आम्ही मार खाल्ला. पाइप सरळ कापला, कापलेली कड पुसून गुळगुळीत केली, दोन्ही अंगांना पातळ हात दिला, दाबून थोडं फिरवलं, अर्धा मिनिट धरून ठेवलं. सगळं बरोबर. पण त्या दिवशी नळ अवेळी आला, दोन तासांत. एल्बो उडून थेट सासूबाईंच्या पापडांवर! वाळत घातलेले उडदाचे पापड, अख्खी खाट. त्यावर जे बोलणं झालं ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही. आता आम्ही नळ येऊन गेला की लगेच सांधा जोडतो आणि चोवीस तास पाणी सोडत नाही. सोल्यूशन लगेच पेट घेतं, तेव्हा चुलीपासून लांब, उघड्या हवेत काम करा आणि डबी लेकरांच्या हाती लागू देऊ नका.

हात कुठवर लावायचा, हेही ठरवून घेतलं. अंगणातली तोटी, तिच्याखालचा उभा पाइप, घरातल्या जोडण्या आमच्या. रस्त्यातली मोठी लाइन, तिच्यावरची जोडणी आणि मीटर ग्रामपंचायतीचं. तिथं गळती दिसली की खड्ड्याभोवती काट्या लावायच्या आणि पाणीवाल्या भाऊला सांगायचं. तोंडी सांगून झालं नाही तर अर्ज. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या बाया असाव्या लागतात. आमच्या गावात त्या कोण, हे आम्ही विचारलं तेव्हा कळलं की त्यातली एक आमच्याच गटात आहे. तिलाही माहीत नव्हतं.

बायांनी पंप-पाना धरणं नवीन नाही. उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात १९९० च्या दशकात महिला समाख्येच्या बाया हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. आणि हातपंपाचं म्हणाल तर आपल्या शेजारच्या जालन्याचं नाव त्यात आहे. जुने बिडाचे पंप एका घराच्या वापराचे. अख्खं गाव त्याच्यावर तुटून पडलं की मोडत. १९६० च्या दशकाच्या शेवटी जालन्यात मिशनच्या लोकांनी पोलादी दांड्याचा दणकट पंप केला. मग सोलापुरात त्यात सुधारणा झाली आणि पुढं त्या सोलापूर पंपावरून इंडिया मार्क दोन आला, आपल्या शाळेजवळ असतो तोच. हे आम्हाला काकांनी सांगितलं तेव्हा खोटं वाटलं होतं.

खड्ड्यांचं काय केलं ते राहिलं. नळ वर घेतला तर धार येत नाही, म्हणून खड्डे बुजवता आले नाहीत. आम्ही तळाला सिमेंट केलं, तळात उतार देऊन एका कोपऱ्यात वाटीएवढी खोलगट जागा ठेवली, काठ वीतभर उंच केला. नळाचं तोंड तळापासून हातभर वर ठेवलं. पाणी भरून झालं की खोलगट जागेतलं पाणी डब्यानं उपसायचं आणि नळ जाण्याआधी तोटी बंद करायची. नळ आला की पहिली धार बादलीत घेऊन ती झाडाला. ओटी टेस्ट करणाऱ्या ताईंना आम्ही दर महिन्याला शेवटच्या घरचं पाणी तपासायला सांगतो, पहिल्या घरचं नाही. टीसीएलचा अंश शेवटपर्यंत पोचला तरच पिवळा रंग येतो.

उरलेल्या तुकड्यांची गंमत वेगळीच. पिण्याच्या ड्रमला खाली चार बोटं सोडून भोक पाडलं आणि दोन्ही बाजूंनी रबर देऊन छोटी तोटी बसवली. ड्रम दोन विटांच्या थरावर ठेवला. आता त्यात कुणाचा हात, पेला बुडत नाही. धाकट्या वहिनींनी चार इंची पाइपाच्या तुकड्याला बाजूनं भोकं पाडून माती भरली आणि त्यात मेथी-कोथिंबीर लावली. कोंबड्यांना पोचत नाही हा त्यातला खरा फायदा. मोरीचं पाणी गाळण्याच्या खड्ड्यातून जुन्या पाइपानं पपईला दिलं. एक काळजी घ्या, भोकं पाडायला पाइप विस्तवावर धरू नका आणि तुकडे चुलीत घालू नका, तो धूर विषारी असतो. हाताचं ड्रिल भाड्यानं मिळतं.

दुरुस्तीचे आम्ही गटातल्या घरी पैसे घेत नाही. बाहेर वायसरची किंमत आणि वर तीस रुपये, ते डब्याच्या वहीत जमा. शाळेच्या मुतारीची तोटी मात्र फुकट बसवली, कारण पोरी दुपारी घरी पळत होत्या. ज्या सासऱ्यांनी हात लावू नये म्हटलं होतं, त्यांनी गेल्या महिन्यात आमचा पाना मागून नेला. वहीत सही केली. अजून परत आणला नाही.

ताई खूण करतायत, वेळ झाली. आम्हालाही निघायचंय, उद्या नळाचा दिवस आहे आणि खालच्या आळीतल्या तीन तोट्या अजून उघड्या आहेत.