मोरचुदाचे निळे स्फटिक

द्राक्षबागेत केवडा रोगावर फवारावयाच्या बोर्डो मिश्रणातील मोरचूद शालेय प्रयोगशाळेतही तयार करता येतो. तांब्यावर विरल सल्फ्यूरिक आम्लाची क्रिया होत नाही. म्हणून काळे कॉपर ऑक्साइड घ्यावे. तापवलेल्या विरल आम्लात ते थोडे थोडे टाकून ढवळावे. तळाशी काळी भुकटी विरघळेनाशी झाली, की आम्ल संपले असे समजावे. मग निळे द्रावण गाळून, आटवून थंड होऊ द्यावे, स्फटिक जमतात. द्रावण पूर्ण आटवून जोराने तापवल्यास स्फटिकजल जाऊन पांढरी भुकटी उरते. मोरचूद विषारी असल्याने उरलेले द्रावण ओढ्यात वा विहिरीजवळ ओतू नये. ही कारणे स्वतःच्या हातांनी जाणलेले मूल उद्या बागेतही मोरचूद मोजूनमापून, जपून वापरील.