माळाची माती



रत्नागिरीत घाटावरच्या माळाविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु आपला तांबडा जांभा आणि माण-खटावच्या डोंगरांवरची काळसर, दगडगोट्यांची माती ही एकाच काळ्या पाषाणाची लेकरे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा पाषाण. भेद केला तो पावसाने. येथे तो ३००० मिलिमीटरांच्या घरात पडतो. त्याने चुना धुऊन नेला, लोह मागे ठेवले. तिकडे तो ५०० च्या आसपास. म्हणून चुना टिकला आणि चिकण माती बनली.

ही माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. उतारावर तिचा थर जेमतेम वीतभर; खाली मुरूम. वरचे गोटे निरुपयोगी समजू नका. ते पावसाच्या थेंबांचा मार झेलतात, ओल झाकून ठेवतात. मात्र गोटे जितके अधिक, तितकी पाणी धरणारी माती कमी. म्हणून येथे नांगरापेक्षा गवत बरे.

ओल्या मातीवर गुरे सोडली, की खुरांनी ती चेपते. पाणी मुरत नाही, माती ओढ्याला जाते. नगरजवळच्या हिवरे बाजारने १९९० नंतर चराई बंद केली, डोंगरावर समपातळीत चर खणले. गवत परतले, विहिरींना पाणी आले. गवत कापून न्यावे, गुरे सोडू नयेत, एवढाच तो नियम.

आपल्या सड्यावरही मातीचा थर असाच पातळ आहे. तो घडायला शतके लागतात, वाहून जायला थोडे पावसाळे पुरतात. म्हणून हा नियम आपणही विचारात घ्यावा, एवढीच विनंती.