आधी कापड, मग तारीख



डिझाइन शिकून घरूनच कामं घ्यायला लागलेल्या मुलामुलींशी आज बोलायचं आहे. पहिलं गिऱ्हाईक बहुधा ओळखीतलंच असतं. समजा, मामांच्या मित्राचं मिठाईचं दुकान आहे, दिवाळीसाठी नवा खोका हवा आहे. "पैशांचं बघू रे नंतर, आपलंच काम आहे," असं काका म्हणतात आणि तुम्ही संकोचाने मान डोलावता. अरे, ती डोलावू नका! आधी चार ओळी लिहून काढा.

गल्लीतला शिंपी बघा. ब्लाउज टाकायला गेलं की तो पावतीपुस्तक काढतो. माप, गळा, तारीख, आगाऊ रक्कम लिहितो आणि कापडाचा बारीक तुकडा पावतीला टाचून ठेवतो. अस्तराचे पैसे वेगळे. शिवण उसवून सैल करायला त्याची ना नसते; पण शिवून झाल्यावर गळाच वेगळा हवा म्हटलं, तर नवं कापड, नवी शिलाई. आणि मुख्य म्हणजे, कापड हातात आल्याशिवाय तो तारीख देत नाही.

तुमचं कापड म्हणजे मजकूर आणि फोटो. खोक्यावर घटकपदार्थ, निव्वळ वजन, एफएसएसएआयचा परवाना क्रमांक लागतो. हे सगळं काकांकडून यायचं असतं आणि नेमकं तेच अडतं. म्हणून "दहा दिवसांत देतो" म्हणू नका. "सगळा मजकूर मिळाल्यापासून कामाचे दहा दिवस," असं लिहा. मजकूर कधी देणार, ती काकांची तारीखही लिहा.

आता पैसे. किती दिवस लागतील ते मोजा, त्यावरून मेहनताना ठरवा. फॉन्टचा परवाना, विकतचे फोटो हे तुमचं अस्तर. ते वेगळं दाखवा. निम्मे पैसे आगाऊ, उरलेले ओपन फाइल, म्हणजे बदल करता येणारी मूळ फाइल, देण्याआधी. दोन वेळा दुरुस्ती त्यातच, तिसरीला वेगळा आकार. होकार व्हॉट्सॲपवर आला तरी चालेल, पण लेखी हवा.

उद्यम नोंदणीही करून ठेवा, ती विनामूल्य असते. नोंदणी असली की २००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो. गिऱ्हाइकाने झालेलं काम स्वीकारल्यानंतर पैसे देण्याची मुदत करारानेसुद्धा ४५ दिवसांपुढे नेता येत नाही. मुदत लेखी ठरलेली नसेल, तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात.

कॉपीराइटबद्दलही बरंच सांगायचं होतं. १९५७ च्या कायद्यानुसार तो हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी आणि सहीनिशी करावा लागतो, एवढं तरी ध्यानात ठेवा.

तेव्हा पुन्हा तेच सांगतो, कारण विसरलं जातं ते नेमकं हेच. गिऱ्हाइकाला तारीख द्याल तेव्हा त्याच्याकडूनही तारीख घ्या, आणि दोन्ही एकाच कागदावर लिहा.