परदेशची नोकरी आणि नोंदणीचे महत्त्व

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात सास्तूर येथे केलेले भाषण)



तरुणांना चार शब्द सांगावेत अशी चालकांची आज्ञा झाली, म्हणून मी उभा आहे. आपल्या पांचाळ समाजाचे पूर्वज हातातील कसबाच्या बळावर गावोगाव फिरले. आज त्यांचीच नातवंडे वेल्डर, सुतार, वीजतंत्री होऊन समुद्रापलीकडे जाऊ पाहत आहेत. ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु कसब जितके पक्के, तितकेच कागदही पक्के हवेत.

परदेशातील मालकाने करारपत्र करावे आणि त्या आधारे कामाचा व्हिसा मिळावा, हा राजमार्ग. 'आधी पर्यटक म्हणून चला, पुढचे तिकडे पाहू' असे म्हणणारा दलाल आडवाटेने नेतो. माझा एक विद्यार्थी असाच आखाती देशात गेला. पगार बुडाला तेव्हा दाद मागण्यास त्याच्यापाशी करारपत्र नव्हते. आईचे दागिने मोडून भरलेले पैसे बुडाले ते बुडालेच.

हे टळावे म्हणूनच १९८३ चा परदेशगमनविषयक कायदा झाला. त्याप्रमाणे भरती करणाऱ्या दलालास सरकारी परवाना लागतो, आणि त्याने ३०,००० रुपये व त्यावरील कर याहून अधिक सेवाशुल्क घेऊ नये, असा नियम आहे. परवाना खरा की खोटा, हे 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. पैसे दिल्यास पावती घ्यावीच.

दहावी न झालेल्या माणसास सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान आदी देशांत नोकरीस जाण्यापूर्वी सरकारी मंजुरी घ्यावी लागते. तिच्यासोबत प्रवासी भारतीय विमा योजना येते. दोन वर्षांसाठी २७५ रुपये हप्ता भरल्यास अपघाती मृत्यू अथवा कायम अपंगत्वास १० लाखांचे संरक्षण मिळते. दहावी उत्तीर्णास मंजुरीची अट नाही. मात्र अट नाही म्हणून त्याने गाफील राहू नये. त्यालाही स्वेच्छेने नोंदणी करता येते.

आता शिक्षक या नात्याने एक गोष्ट सांगतो. आपल्याकडे कित्येकांची जन्मतारीख शाळेच्या रजिस्टरात सरसकट १ जून अशी लागलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात घरांबरोबर जुने कागदही मातीत गेले. त्यामुळे नाव व तारीख एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरी, असे घडते. पासपोर्टचा अर्ज करण्यापूर्वीच शाळेचा दाखला, आधार व आय. टी. आय. चे प्रमाणपत्र शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगारांविषयी करार केला. जर्मनीत १ मार्च २०२० पासून लागू झालेल्या कायद्याने मालकाला कामगारातर्फे तेथील कचेरीत अर्ज करून व्हिसाचे काम लवकर उरकता येते. परंतु जर्मन भाषा शिकणे आणि आपल्या प्रमाणपत्रास तेथे मान्यता मिळविणे, हे कष्ट आपलेच.

मातापित्यांनो, मुलाला निरोप देण्यापूर्वी करारपत्र कोणा जाणत्याकडून वाचून घ्या आणि त्याची एक प्रत घरी ठेवा. मुलगा दूरदेशी अडचणीत सापडला, तर तीच प्रत घेऊन आपणांस सरकारदरबारी उभे राहता येईल.